घरगुती प्रवाळ मत्स्यालय

घरगुती प्रवाळ मत्स्यालय ही खाऱ्या पाण्याची काचटाकी असते. तिच्यात सागरी मासे, प्रवाळ व इतर अपृष्ठवंशी प्राणी, शैवाल आणि जिवाणू एकत्र राखले जातात. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात मुख्यतः माशांची निगा घेतली जाते, तर प्रवाळ मत्स्यालयात पाण्याचे रासायनिक संतुलन राखणे हेच मुख्य काम असते. समुद्रातील पाण्याचे प्रमाण प्रचंड असल्यामुळे तेथील तापमान, लवणता व सामू सावकाश बदलतात. दोनशे लिटरच्या टाकीत मात्र हेच बदल काही तासांत घडू शकतात. धाराशिव जिल्ह्यासारख्या समुद्रापासून दूर, उष्ण व पाणीटंचाईच्या प्रदेशात हे संतुलन राखणे अधिक कठीण असते. भारतात या छंदाला वन्यजीव कायद्याच्याही मर्यादा आहेत.

इतिहास

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ झान व्हिलप्रू-पॉवर यांनी १८३२ च्या सुमारास सिसिलीमध्ये सागरी प्राण्यांच्या अभ्यासासाठी काचटाक्या वापरल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथामुळे हा छंद लोकप्रिय झाला. प्रवाळ मात्र टाकीत फार काळ जगत नसत. १९६१ मध्ये जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातील सजीव खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच चालणाऱ्या टाकीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जर्मनीत सजीव खडक, प्रोटीन स्किमर व तीव्र प्रकाश यांवर आधारलेली ‘बर्लिन पद्धत’ विकसित झाली. आजची बहुतेक प्रवाळ मत्स्यालये याच पद्धतीवर आधारलेली आहेत.

महाराष्ट्रात सागरी मत्स्यालयाचा परिचय प्रामुख्याने मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे झाला. मरीन ड्राइव्हवरील हे मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा खुले करण्यात आले.

प्रवाळाचे जीवशास्त्र

प्रवाळ हा प्राणी आहे. दगडी प्रवाळाचे लहान पॉलिप समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन अ‍ॅरागोनाइट या खनिजाचा सांगाडा तयार करतात. त्यांच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल सहजीवनाने राहते. शैवाल प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेले अन्न प्रवाळाला पुरवते आणि प्रवाळाकडून आसरा, कार्बन डायऑक्साइड व नत्रयुक्त द्रव्ये मिळवते. तापमान वाढल्यास किंवा प्रकाशाचा ताण पडल्यास हे सहजीवन तुटते व प्रवाळ पांढरा पडतो. या घटनेस विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही, परंतु परिस्थिती न सुधारल्यास उपासमारीने मरतो.

पाण्याची घटकद्रव्ये

टाकीतील पाण्यासाठी साधारणपणे पुढील मर्यादा पाळल्या जातात:

तापमान: २४ ते २७ अंश सेल्सिअस
लवणता: १ किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार (२५ अंश तापमानास विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६)
सामू: ८.० ते ८.४
अल्कता: ७ ते ११ जर्मन अंश
कॅल्शियम: लिटरमागे ३८० ते ४५० मिलिग्रॅम
मॅग्नेशियम: लिटरमागे १,२५० ते १,३५० मिलिग्रॅम
अमोनिया व नायट्राइट: शून्य
नायट्रेट: लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा कमी

अल्कता म्हणजे सामू एकदम घसरू न देण्याची पाण्याची क्षमता होय. ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. सांगाडा तयार होताना अल्कता व कॅल्शियम ठरावीक प्रमाणात खर्च होतात. अल्कता २.८ अंशांनी घटली, तर कॅल्शियम लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅमने कमी होते. कॅल्शियमचा साठा मोठा असल्याने ही घट लवकर लक्षात येत नाही, परंतु अल्कतेतील घट ठळकपणे दिसते. म्हणून अल्कतेची चाचणी अधिक वेळा केली जाते. भरपाईसाठी शुद्ध चुन्याची निवळी थेंबाथेंबाने सोडण्याची पद्धत प्रचलित आहे. निवळीचा सामू १२ च्या वर असल्याने ती एकदम ओतल्यास प्राणी दगावतात.

स्वयंपाकाचे मीठ या टाकीसाठी चालत नाही. समुद्रातील क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के वाटा सोडियम व क्लोराइड यांचा असला, तरी उरलेल्या भागातील मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम व बायकार्बोनेट यांवाचून सागरी जीव जगू शकत नाहीत. त्यासाठी तयार कृत्रिम सागरी क्षारमिश्रण वापरावे लागते. दोनशे लिटर पाण्यास साधारण ७ किलो मिश्रण लागते. मिश्रण वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून व लवणता मोजूनच ते पाणी टाकीत घालतात.

नायट्रोजन चक्र

माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. हे जिवाणू सच्छिद्र खडकावर व वाळूत वस्ती करतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास सहसा ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात मासे सोडल्यास ते अमोनियाने मरण्याचा धोका असतो. सामू जितका अधिक, तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो. त्यामुळे गोड्या पाण्यात निभावून जाणारी चूक खाऱ्या पाण्यात घातक ठरते.

खडकाच्या खोल, प्राणवायूरहित भागातील जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. उरलेले नायट्रेट पाणी बदलून कमी करावे लागते. प्रोटीन स्किमर हे यंत्र सूक्ष्म बुडबुड्यांच्या फेसात सेंद्रिय द्रव्ये पकडून ती कुजण्यापूर्वीच बाहेर काढते.

प्रकाश व प्रवाह

झूझँथेलीसाठी तीव्र, निळसर छटेचा प्रकाश लागतो. आता त्यासाठी बहुधा एलईडी दिवे वापरतात. दिवे रोज ठरावीक ८ ते १० तास लावले जातात. नवे दिवे लावताना तीव्रता काही आठवड्यांत क्रमाने वाढवतात. पाण्याचा प्रवाह प्रवाळाला अन्न व प्राणवायू पोहोचवतो आणि त्यावरील चिकट स्राव धुऊन नेतो. एकाच दिशेच्या जोरदार धारेपेक्षा दिशा बदलणारा प्रवाह अधिक उपयुक्त असतो.

धाराशिव जिल्ह्यातील परिस्थिती

धाराशिव जिल्हा मराठवाड्यात बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. उन्हाळ्यात येथील कमाल तापमान ४० अंशांच्या वर जाते. टाकीसमोर पंखा लावल्यास बाष्पीभवनाने पाणी काही अंशांनी थंड होते. कोकणातील दमट हवेत हा उपाय फारसा उपयोगी पडत नाही, परंतु मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो परिणामकारक ठरतो. मात्र त्यामुळे बाष्पीभवन वाढते. वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, क्षार टाकीतच राहतात. ३५ ग्रॅम लवणतेच्या दोनशे लिटर टाकीतून २० लिटर पाणी उडून गेले, तर लवणता सुमारे ३९ ग्रॅमपर्यंत चढते. म्हणून ही तूट रोज आणि गोड्या शुद्ध पाण्यानेच भरतात. खारे पाणी घातल्यास लवणता आणखी वाढते.

जिल्ह्यातील भूजल बेसाल्ट खडकातून येते व बहुधा जड असते. मराठवाड्यातील अनेक विहिरी व विंधनविहिरींच्या पाण्यात नायट्रेटही आढळते. पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची भारतीय मानक मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे माणसाने पिण्यास योग्य ठरलेले पाणीही प्रवाळासाठी अयोग्य असू शकते. त्यामुळे आरओ यंत्राने गाळून पुढे आयनमुक्त केलेले पाणी वापरणे आवश्यक ठरते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि तांब्याच्या भांड्यातून उतरणारे तांबे हेही अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक आहेत.

आरओ यंत्र शुद्ध पाण्याच्या अनेक पट पाणी वाया घालवते. एका लिटरमागे ३ लिटर पाणी वाया जाते असे धरल्यास, आठवड्याला २० लिटर पाणी बदलणाऱ्या आणि रोज ३ लिटर बाष्पीभवन होणाऱ्या टाकीस महिन्याला सुमारे १७० लिटर शुद्ध पाणी लागते व सुमारे ५१० लिटर बाहेर पडते. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असणाऱ्या गावांत हा खर्च नगण्य नाही. बाहेर पडणारे पाणी फरशी पुसणे व शौचालयासाठी वापरता येते. टाकीवर काचेचे झाकण ठेवल्यास बाष्पीभवन घटते, पण उष्णता अडकते. त्यामुळे ऋतूनुसार निवड करावी लागते.

धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा ७ ते ८ टक्क्यांनी कमी असल्याने पाण्यात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी विरघळतो. शिवाय पाणी जितके गरम, तितका प्राणवायू कमी. वीज गेल्यावर पंप थांबतात आणि उन्हाळ्याच्या रात्री काही तासांतच मासे गुदमरू शकतात. बॅटरीवर चालणारा हवापंप किंवा इन्व्हर्टरला जोडलेला एक प्रवाहपंप ही येथे चैनीची नव्हे, तर आवश्यक साधने आहेत. वीज खंडित असताना दिव्यांपेक्षा पाणी हलते ठेवण्यास प्राधान्य देतात, कारण एक-दोन दिवसांचा अंधार प्रवाळ सहन करतो.

नियमित देखभाल

रोज तापमान, पाण्याची पातळी व प्राण्यांचे वर्तन पाहिले जाते. आठवड्याला अल्कता व लवणता मोजून सुमारे १० टक्के पाणी बदलतात. नवे पाणी टाकीतील पाण्याच्याच तापमानाचे व लवणतेचे असावे लागते. नवीन मासा मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी किमान ४ आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात. क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स या परजीवीमुळे होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याची औषधे दिली जातात, परंतु ती प्रवाळ, कोळंबी व गोगलगायी यांना मारत असल्याने उपचार केवळ वेगळ्या टाकीतच करावे लागतात. सर्व मोजमापांची तारखेनिहाय नोंद ठेवल्यास घट किंवा वाढ वेळीच लक्षात येते. एखादे मूल्य मर्यादेबाहेर गेल्यास ते एका दिवसात पूर्ववत करण्याऐवजी हळूहळू दुरुस्त करतात, कारण अचानक बदल मूळ दोषापेक्षा अधिक हानी करू शकतो.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. असे प्रवाळ समुद्रातून काढणे, विकणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांविषयीच्या गुन्ह्यास ३ ते ७ वर्षांच्या कारावासाची व दंडाची तरतूद आहे. हे संरक्षण मृत सांगाड्यालाही लागू होते. त्यामुळे समुद्रातून आणलेला प्रवाळखडक टाकीत वापरणेही बेकायदेशीर ठरू शकते.

दगडी प्रवाळ, मोठे शिंपले व समुद्रघोडे हे साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. साइटिस परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांसाठी २०२४ च्या नियमांनुसार नोंदणीची तरतूद आहे. म्हणून खरेदीपूर्वी प्रजातीची ओळख व तिच्या मूळ स्थानाची कागदपत्रे तपासणे आणि शंका असल्यास वनविभागाकडे चौकशी करणे श्रेयस्कर ठरते. अनेक छंदिक सजीव खडकाऐवजी सिरॅमिक किंवा सिमेंटचे सच्छिद्र खडक वापरतात. सिमेंटचा खडक कित्येक आठवडे गोड्या पाण्यात मुरवून त्याचा चुना उतरू देतात, अन्यथा टाकीचा सामू धोकादायक वाढतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नैसर्गिक प्रवाळ मोजक्याच ठिकाणी आहेत. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, तर विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर पश्चिमेस खोल समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेले प्रवाळपठार आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी व हाजी अली येथे आढळलेल्या प्रवाळवसाहती २०२० मध्ये परवानगी घेऊन नेव्ही नगर येथे हलवण्यात आल्या.

माशांबाबत बंदिस्त पैदाशीचा पर्याय उपलब्ध आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिश व डॅमसेल माशांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. नवी मुंबईतील ऐरोली येथेही कांदळवन प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने शोभिवंत सागरी माशांची पैदास केली जाते. असे मासे टाकीतच जन्मलेले असल्याने कृत्रिम खाद्य सहज स्वीकारतात आणि त्यांच्यासाठी समुद्रातील प्रवाळभित्तींवर सायनाइडचा वापर होत नाही.

आरोग्यविषयक दक्षता

काही झोअँथिड प्राण्यांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. असे प्राणी वाढलेला खडक उकळल्यास किंवा गरम पाण्याने घासल्यास विष वाफेतून वा तुषारांतून श्वासात जाऊन गंभीर विषबाधा होऊ शकते. म्हणून खडक कधीही उकळत नाहीत, आणि प्राणी हाताळताना हातमोजे व चष्मा वापरतात. हाताला जखम असल्यास टाकीत हात घालणे टाळतात. खाऱ्या पाण्याजवळील विद्युत उपकरणांसाठी गळती होताच प्रवाह तोडणारा स्वयंचलित खटका बसवणे आवश्यक असते.