सरकारी मालकीचा एकांत

नेवाडा राज्याच्या पोटातून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या महामार्ग क्रमांक ५० ला 'लाइफ' मासिकाने जुलै १९८६ मध्ये अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता ठरवले. इथे पाहण्यासारखे काही नाही आणि निभावून नेण्याची स्वतःविषयी खात्री नसेल तर कोणी तिकडे फिरकू नये, असा एका मोटारचालक संघटनेच्या प्रतिनिधीचा सल्लाही सोबत छापला होता. नेवाडाच्या पर्यटनवाल्यांनी रागावण्याऐवजी ही बदनामीच विकायला काढली. वाटेतल्या गावांमध्ये शिक्के मारून घेण्याची एक पुस्तिका त्यांनी काढली. पुरेसे शिक्के जमले की प्रवाशाला हा रस्ता तगून पार केल्याचे प्रमाणपत्र! एकट्याच्या धाडसावर सरकारी शिक्का उमटवणारी ही योजना गमतीची वाटते खरी, पण तिच्यात नकळत एक सत्य सांगितले गेले आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात एकट्याने गाडी हाकत जाणे म्हणजे स्वावलंबनाची परमावधी, अशी समजूत सिनेमांनी आणि मोटारींच्या जाहिरातींनी जगभर रुजवली. प्रत्यक्षात तो एकांत दीडशेहून अधिक वर्षांच्या कायद्यांनी, करांच्या पैशाने आणि जमिनीच्या सार्वजनिक मालकीने घडवलेला आहे.

यावर पहिला आक्षेप निसर्गाच्या बाजूने येतो. पॅसिफिककडून येणारे ढग सिएरा नेवाडा पर्वतावर रिते होतात आणि त्यापलीकडचा प्रदेश पर्जन्यछायेत कोरडा राहतो. 'ग्रेट बेसिन' नावाच्या या पसरट द्रोणातल्या नद्या समुद्राला मिळतच नाहीत. खारट तळ्यांत किंवा वाळूत जिरून जातात. डोंगरांच्या रांगा उत्तर-दक्षिण आणि रस्ता त्यांना आडवा, त्यामुळे सपाट खोरे, मग घाट, खिंडीतून दिसणारे पुढचे खोरे, मग पुन्हा घाट, हाच क्रम तासन् तास चालतो. फॅलन ते ऑस्टिन हे अंतर सुमारे १८० किलोमीटर, तिथून युरेका ११०, पुढे ईली सव्वाशेच्या आसपास. फॅलनपुढची ही गावे वसली तीही मुख्यतः खाणींच्या आशेने. पाऊसच नाही तिथे माणसे कुठून येणार, मग यात सरकारचा काय संबंध, हा प्रश्न रास्तच आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक कुटुंबाला १६० एकर देऊ केले, ते पूर्वेकडच्या ओल्या जमिनीचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून. कोलोरॅडो नदीतून होड्या घालून ग्रँड कॅन्यन पार करणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात स्पष्ट सांगितले, की या कोरड्या मुलखात गुरे पाळून जगायचे तर एका कुटुंबाला २,५६० एकर लागतील. काँग्रेसने ते मनावर घेतले नाही. दिलेल्या तुकड्यावर पोट भरेना, म्हणून पुष्कळ जमीन कोणी मागितलीच नाही.

मात्र कोरडेपणाने फार तर वस्ती विरळ होते. एकांत त्याने मिळतोच असे नाही. पुरावा टेक्सासचा आहे. टेक्सास १८४५ मध्ये संघराज्यात आले ते आपली पडीक जमीन स्वतःकडे राखून. पुढे ती रेल्वे कंपन्यांना, शाळांच्या निधीसाठी आणि खरेदीदारांना वाटली गेली. आज त्या राज्यातली सुमारे ९५ टक्के जमीन खासगी आहे. पश्चिम टेक्सासही कोरडे, विरळ वस्तीचे आणि देखणे आहे, पण तिथे मैलोन् मैल रस्त्याच्या दोन्ही अंगांना तारेचे कुंपण चालते आणि आत वळणाऱ्या वाटेवर फाटकाला कुलूप असते. नेवाडात चित्र उलटे. तिथली सुमारे ८० टक्के आणि युटातली ६० टक्क्यांहून अधिक जमीन केंद्र सरकारची आहे. न्यूयॉर्क किंवा कनेक्टिकटमध्ये हेच प्रमाण एक टक्काही भरत नाही. १९३४ च्या टेलर कायद्याने या जमिनीवरच्या बेबंद चराईला शिस्त आणली आणि १९७६ च्या कायद्याने ती विकून संपवण्याचे जुने धोरण सोडून ती राखण्याचे धोरण स्वीकारले. एकट्या 'ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट' या खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर आहेत, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. आपल्या गावच्या गायरानाला अवाढव्य रूप द्यावे तसा हा प्रकार: गुरे चरतात, खाणी चालतात आणि वाटसरूलाही मज्जाव नसतो. या जमिनीवर बहुतेक ठिकाणी कोणीही गाडी थांबवून फुकट तंबू ठोकू शकतो. साधारण १४ दिवसांनी मुक्काम हलवला की झाले. डांबरी रस्ता सोडून मनात येईल त्या कच्च्या वाटेला वळण्याची मुभा हाच एकट्या प्रवासाचा गाभा असेल, तर तो पावसाच्या अभावाने मिळालेला नाही. तो मालकीहक्काने मिळाला आहे.

आता रस्त्यांकडे वळू. मोटारीने अमेरिका आडवी पार करणारा पहिला माणूस म्हणून होरेशिओ नेल्सन जॅक्सन यांचे नाव घेतले जाते. १९०३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क त्यांना ६३ दिवस लागले आणि ते एकटे नव्हतेच. स्यूअल क्रॉकर हा मेकॅनिक शेजारी बसलेला होता आणि वाटेत बड नावाचा कुत्राही येऊन मिळाला. (धुळीपासून बचाव म्हणून कुत्र्यालाही गॉगल चढवला होता.) १९१९ मध्ये लष्कराच्या मोटारींचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, त्यालाही ६२ दिवस लागले. त्यात आयझेनहॉवर नावाचे तरुण अधिकारी होते आणि नेवाडातला त्यांचा मार्ग बहुतांशी आजचा महामार्ग ५० हाच होता. म्हणजे लष्कराला मेटाकुटीस आणणारी वाट आज एकटा माणूस दिवसाभरात पार करतो. फरक माणसाच्या हिमतीत पडलेला नाही. खडीत आणि डांबरात पडला आहे. त्याचा खर्च तिथल्या मूठभर करदात्यांना पेलणारा नव्हता, म्हणून १९२१ च्या महामार्ग कायद्याने सार्वजनिक जमीन जास्त असलेल्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा वाढवला. पुढे १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली ती राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्याच आयझेनहॉवर यांनी. युटात ग्रीन रिव्हर ते सलाइना हा महामार्ग ७० चा सुमारे १७५ किलोमीटरचा टप्पा आहे, ज्यात एकही पेट्रोल पंप नाही. बाजाराच्या हिशेबाने असा रस्ता कधीच झाला नसता. युटाचाच राज्य महामार्ग १२, ज्याची लाल-पिवळ्या खडकांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात, तो बोल्डर गावावरून जातो. या गावाला विसाव्या शतकातही बराच काळ खेचरांवरून टपाल येत असे. मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने बेकार तरुणांच्या तुकड्या आणून तिथे घाटवाटा खोदल्या. बोल्डर ते टॉरी हा शेवटचा भाग डांबरी झाला तो थेट १९८५ मध्ये.

याचा अर्थ धाडसाला काहीच जागा नाही, असे मी म्हणत नाही. मोबाइलला सिग्नल नसलेल्या खोऱ्यात टायर फुटला तर माणूस एकटाच असतो. खिंडीत अकाली बर्फ पडतो, कोरड्या ओढ्याला पाहता पाहता पूर येतो. पण हरवलेल्याला शोधायची जबाबदारी तिथे बहुधा काउंटीच्या शेरिफवर असते, मदतीला गावचे स्वयंसेवक असतात आणि खिंडीतला बर्फ राज्याची यंत्रे हटवतात. आणखी एक गोष्ट स्वावलंबनाच्या गोष्टीत सहसा येत नाही. कृष्णवर्णीय मोटारचालकांना रात्री कुठे उतरायला मिळेल हे सांगणारे 'ग्रीन बुक' १९३६ पासून तीस वर्षे निघत होते, कारण मोकळा रस्ता सर्वांना सारखा मोकळा नव्हता. वाटेत दिसेल त्या मोटेलचे दार ठोठावण्याचा हक्क त्यांना मिळाला तो १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने.

मालकीची गोष्ट सांगायची तर तिची काळी बाजू झाकता येणार नाही. महामार्ग ५० च्या उत्तरेला रूबी व्हॅली आहे. १८६३ मध्ये तिथे पश्चिम शोशोनी लोकांशी तह झाला. त्यात त्यांनी गोऱ्यांना येण्याजाण्याची, तारा आणि रेल्वे टाकण्याची, खाणी खोदण्याची मुभा दिली. जमीन दिली नाही. तरी ती हळूहळू सरकारची धरली गेली. १९७९ मध्ये २ कोटी ६० लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली, ती घ्यायला शोशोनींपैकी अनेकांनी नकार दिला. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की रक्कम सरकारी तिजोरीतल्या त्यांच्या खात्यावर जमा झाली तेव्हाच ती 'दिली' गेली. देणाराही सरकार, स्वीकारणाराही सरकार! एकदा मुलूख रिकामा मानला की मग त्याचे काहीही करता येते. १९६३ मध्ये याच महामार्गाजवळ, फॅलनच्या आग्नेयेला, जमिनीखाली अणुस्फोट करण्यात आला आणि दक्षिण नेवाडातल्या चाचण्या १९५१ ते १९९२ पर्यंत चालल्या. त्यामुळे काचेतून दिसणाऱ्या निर्मनुष्य विस्ताराला कोणी 'अस्पर्श' म्हणू लागले, तर ते मान्य करता येत नाही.

सर्वांत जोरकस विरोध तिथल्या रहिवाशांचा आहे. आमच्या भोवतीची चार पंचमांश जमीन दूरच्या वॉशिंग्टनने का सांभाळावी, तिच्यावर कर बसत नाही तर आमच्या काउंटीने शाळा कशावर चालवाव्यात, हा त्यांचा सवाल आहे. १९७९ मध्ये नेवाडाच्या विधिमंडळाने या जमिनीवर राज्याचा हक्क सांगणारा कायदाच केला आणि ती चळवळ तिथल्या करड्या झुडपावरून 'सेजब्रश बंड' म्हणून गाजली. गाऱ्हाणे खरे आहे. करांच्या तुटीपोटी काउंट्यांना केंद्राकडून पैसे मिळतात, पण जवळच्या माणसाचे मत दूरच्या कचेरीत कमी ऐकले जाते हे नाकारता येत नाही. तरीही जमीन राज्यांकडे गेली तर काय होईल याचा नमुना याच नेवाडाने घालून ठेवला आहे: राज्य झाल्यावर शाळांच्या निधीसाठी वगैरे मिळालेली सुमारे २७ लाख एकर जमीन त्याने जवळजवळ सगळी विकून टाकली. विकलेल्या जमिनीला आधी कुंपण पडते. कारभारात स्थानिकांचा वाटा वाढवावा, मालकी मात्र सर्वांची राहू द्यावी, हेच मला शहाणपणाचे दिसते.

हा वाद इतिहासजमा झालेला नाही. सुमारे १ कोटी ८५ लाख एकरांवरचा केंद्राचा ताबा बेकायदा ठरवावा, ही युटाची मागणी थेट सुनावणीला घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये नकार दिला. त्याच वर्षी युटाचेच सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडची लाखो एकर सार्वजनिक जमीन विकण्याची तरतूद अर्थविधेयकात घालू पाहिली आणि जूनअखेर त्यांना ती मागे घ्यावी लागली. विरोध फक्त पर्यावरणवाद्यांचा नव्हता. शिकारी, मासे पकडणारे आणि त्यांच्याच पक्षातले काही जणही उलटले होते. महामार्ग ५० चे पश्चिम टोक कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला लागून आहे, बे एरियातल्या मराठी वस्तीपासून दोन तासांवर. तिथे नागरिकत्व घेतलेल्या आणि मतदान करणाऱ्या मराठी माणसांची संख्या आता थोडीथोडकी नाही. सुट्टीत गाडी काढून नेवाडा-युटाकडे निघणाऱ्यांनी फॅलनला टाकी पूर्ण भरावी, पाणी जास्तीचे घ्यावे, आणि जमीनविक्रीचा प्रस्ताव पुन्हा आला तर आपल्या लोकप्रतिनिधीला त्याविरुद्ध पत्र लिहावे.