केस पेपरचं शास्त्र

2002 सालच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या बाल रुग्णालयात औषधांच्या ऑर्डरी कागदावरून संगणकावर गेल्या. हेतू चांगला होता. न लागणारं अक्षर आणि चुकलेला डोस यांतून होणारे घोटाळे टाळायचे होते. सहा दिवसांत नवी पद्धत रुग्णालयभर सुरू झाली. 2005 साली तिथल्याच डॉक्टरांनी ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात त्याचा हिशोब मांडला. दुसऱ्या रुग्णालयांतून तातडीने हलवून आणलेल्या मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण आधीच्या 13 महिन्यांत 2.80 टक्के होतं. नंतरच्या 5 महिन्यांत ते 6.57 टक्क्यांवर गेलं.

पूर्वी मूल वाटेत असतानाच फोन यायचा आणि औषधं तयार ठेवली जायची. आता मूल पोहोचून त्याची नोंदणी होईपर्यंत ऑर्डर टाकताच येईना. एकेका ऑर्डरीला दहाएक क्लिक लागायचे, त्यात मिनिट-दोन मिनिटं जायची. विभागात हाताशी असलेली औषधं मध्यवर्ती फार्मसीत हलवली गेली होती. खाटेजवळ लागणारी माणसं पडद्यापुढे अडकली. पुढच्याच वर्षी सिएटलच्या बाल रुग्णालयाने आपला अनुभव प्रसिद्ध केला. प्रणाली त्याच कंपनीची होती, पण तिथे मृत्यू वाढले नाहीत. अतिदक्षता विभागाला लागणाऱ्या ऑर्डरींचे संच त्यांनी आधीच बांधून ठेवले होते आणि पिट्सबर्गमध्ये काय घडलं तेही जाणून घेतलं होतं.

हेल्थ इन्फॉर्मेटिक्सची पदव्युत्तर पदवी घेऊन नेमकं काय शिकायचं, असं कुणी विचारलं तर मी या दोन रुग्णालयांचं नाव घेईन. एकाच कंपनीची प्रणाली एका वॉर्डात का अडते आणि दुसऱ्यात का चालते, हे ओळखणं हा या विद्येचा गाभा आहे. कोडिंग आणि संख्याशास्त्र त्यासाठी लागतंच, पण ते इतर विभागांतही शिकता येतं.

विद्याशाखा तशी नवी नाही. जर्मनीत हायडेलबर्ग आणि हाइलब्रॉन इथल्या संस्थांनी मिळून 1972 सालीच मेडिकल इन्फॉर्मेटिक्सचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. युटामध्ये होमर वॉर्नर हे हृदयरोगतज्ज्ञ 1960च्या दशकापासून संगणकाला निदानाच्या कामी लावत होते. खरी गर्दी झाली ती 2009 नंतर. अमेरिकेच्या केंद्र सरकारने ‘हायटेक’ कायद्याखाली संगणकीय नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांना आणि रुग्णालयांना अब्जावधी डॉलर दिले आणि ते काम जाणणाऱ्या माणसांची टंचाई पडली. 2011 साली क्लिनिकल इन्फॉर्मेटिक्सला तिथे डॉक्टरांची अधिकृत उपशाखा म्हणून मान्यता मिळाली.

वर्गात काय चालतं याचं एक साधं उदाहरण पाहू. एका लॅबच्या रिपोर्टवर ‘एचबी’ असतं, दुसरीच्या रिपोर्टवर ‘हिमोग्लोबिन’ आणि तिसरीवर ‘एचजीबी’. डॉक्टर एका नजरेत समजून घेतो, संगणकाला मात्र या तीन वेगळ्या तपासण्या वाटतात. म्हणून इंडियानापोलिसच्या रीजनस्ट्रीफ संस्थेने 1994 साली ‘लॉइंक’ ही संकेतयादी सुरू केली. तिच्यात रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नेहमीच्या तपासणीचा क्रमांक 718-7 आहे. पण क्रमांक लावला की काम संपलं असं होत नाही. उपाशीपोटीची साखर एक लॅब 126 लिहिते, परदेशातली दुसरी लॅब 7 लिहिते. एककं वेगळी, रुग्ण तोच. एककाचा रकाना रिकामा राहिला तर पुढचं सगळं विश्लेषण फसतं. विद्यार्थ्याचे आठवडेच्या आठवडे अशा साफसफाईत जातात आणि माझ्या मते ते सत्कारणी लागतात.

आजारांच्या आणि लक्षणांच्या नोंदीसाठी ‘स्नोमेड सीटी’ ही संज्ञावली आहे. भारत 2014 पासून तिचा सदस्य आहे आणि तिचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. पुण्यात शिकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

मूल्यमापनाचा विषय मात्र कुणी ऐच्छिक म्हणून सोडून देऊ नये. 2019 साली ‘सायन्स’मध्ये ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत सर्रास वापरली जाणारी एक गणनपद्धती तपासली. कोणत्या रुग्णाला जादा मदत द्यायची हे ती ठरवत होती, पण आजारपण मोजायला तिने उपचारांवर झालेला खर्च धरला होता. कृष्णवर्णीयांवर मुळात खर्चच कमी होत असल्याने ते कमी आजारी ठरले. ही त्रुटी काढली तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी दाखवलं. हेच आपल्याकडे विम्याच्या दाव्यांवरून आजारपण मोजलं तर काय होईल, याचा विचार मेळघाटातला दवाखाना पाहिलेल्या मुलीने करायला हवा.

महाराष्ट्रातून या पदवीकडे वळणाऱ्यांत बीडीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी, फार्मसी झालेली मुलंमुली बरीच दिसतात. त्यांनी पेशंट पाहिलेले असतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू. अमेरिकेला जाणाऱ्यांनी आपला अभ्यासक्रम तिथल्या ‘स्टेम’ यादीत बसतो का, हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावं. तसा असेल तर पदवीनंतरच्या 12 महिन्यांच्या कामाच्या परवानगीत आणखी 24 महिन्यांची भर पडू शकते. लाखांचं कर्ज काढताना हा फरक फार मोठा असतो. इथे राहणाऱ्यांसाठीही वाटा आहेत. आयआयटी मुंबईत 2021 साली कोईटा सेंटर फॉर डिजिटल हेल्थ उभं राहिलं. बायोइन्फॉर्मेटिक्सशी गल्लत मात्र करू नये. तिथे जनुकं आणि प्रथिनं असतात, इथे केस पेपर आणि डिस्चार्ज कार्ड.

विभाग निवडताना मी एकच गोष्ट आधी पाहीन: विद्यार्थ्याला रुग्णालयात किती काळ उभं करतात. बॉस्टनच्या एका रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाच्या, नावं काढून टाकलेल्या नोंदी ‘मिमिक’ या संग्रहात जगभरच्या विद्यार्थ्यांना मिळतात. अभ्यासाला ती उत्तम सोय आहे. पण ती नोंद करणाऱ्या सिस्टरची पाळी कशी असते, ते त्यातून कळत नाही.

नोंदीतून जीव वाचतात हे महाराष्ट्राने फार आधी दाखवलं आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने गावोगावच्या कार्यकर्त्यांकरवी प्रत्येक जन्म आणि मृत्यू टिपला. तुलनेच्या गावांतही तशीच मोजणी होती, म्हणूनच घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतल्याने त्यांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये ठामपणे मांडता आलं. पुण्याजवळ वढू परिसरातल्या 22 गावांत केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र 2002 पासून लोकसंख्येची अशीच सलग नोंद ठेवत आलं आहे.

सप्टेंबर 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि 14 आकडी ‘आभा’ क्रमांक घरोघरी पोहोचू लागला. क्रमांक काढणं सोपं, त्यामागे भरवशाची नोंद असणं अवघड. मृत्यूचंच घ्या. 2020 साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्क्यांना डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. गोव्यात हे प्रमाण 100 टक्के होतं. आणि प्रमाणपत्र असलं तरी त्यावर नुसतं ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिलेलं सापडतं. हृदय आणि श्वास प्रत्येकाचाच थांबतो. तो मधुमेहाने थांबला की क्षयाने, हे त्या ओळीत नसतं. रात्रपाळीच्या रेसिडेंटला ते का लिहिता येत नाही? फॉर्ममुळे, वेळेमुळे, की कधी कुणी शिकवलंच नाही म्हणून? नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयं राज्यभर पसरली आहेत. त्यांतल्या एका रुग्णालयातली वर्षभराची मृत्यू प्रमाणपत्रं घेऊन, ती लिहिणाऱ्या डॉक्टरांशेजारी महिनाभर बसून, पदव्युत्तर प्रबंध आजही करता येईल. त्याला परदेशी सॉफ्टवेअर लागत नाही. लागते ती अधीक्षकांची आणि नीतिसमितीची परवानगी, आणि रात्री जागायची तयारी असलेला मार्गदर्शक.