विकणाऱ्याची खात्री

ज्याची जीभ गोड त्याचा माल खपतो, असा एक समज आहे. तो अगदीच खोटा नाही. परंतु गोड बोलण्याने गिऱ्हाईक एकदा येते. त्याला पुन्हा आणणारी गोष्ट निराळी असते. विकणाऱ्याचा स्वतःच्या मालावर विश्वास आहे किंवा नाही, हे गिऱ्हाईक त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या वागण्यावरून ओळखते.

पांढुर्णा आणि सौसर हा संत्र्यांचा मुलूख. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर त्यात आले. तरी येथील फळ दूरच्या बाजारात बहुधा नागपुरी संत्रे म्हणूनच खपते. आंबिया बहाराचे पहिले फळ थंडी पडण्यापूर्वीच बाजारात येऊ लागते. सालीला केशरी रंग चढतो तो थंडीने. आतला रस मात्र त्याआधीच गोड झालेला असू शकतो. हिरवट साल पाहून गिऱ्हाईक नाक मुरडते. अशा वेळी एक विक्रेता नुसता ओरडत राहतो. दुसरा ढिगातले कोणतेही फळ गिऱ्हाइकालाच निवडावयास सांगतो, ते सोलतो आणि फोड पुढे करतो. "भाऊ, आधी खाऊन पाहा." एवढ्या एका वाक्यात त्याने आपला सारा ढीग पणाला लावलेला असतो.

हे धैर्य उसने आणता येत नाही. संत्रे आंब्यासारखे आढीत पिकत नाही. आंबट तोडले ते आंबटच राहते. चढ्या भावाच्या लोभाने कच्चा माल उतरविणाऱ्याचा हात फोड पुढे करताना कचरतो, आणि ते गिऱ्हाइकाच्या नजरेतून सुटत नाही. तेव्हा विश्वासाचा आरंभ बाजारात नव्हे, बागेत होतो. ज्याने स्वतः झाडाखाली उभे राहून फळ चाखले, त्यालाच ते दुसऱ्याच्या हाती निःशंकपणे देता येते.

संत्र्याची परीक्षा क्षणात होते. जी वस्तू अगदी नवी आहे आणि जिची परीक्षा व्हावयास सबंध हंगाम लागतो, तिचे काय? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली म्हणतात. त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोडीत काढणे सोपे होते. परंतु नांगर बिघडला तर विकणाऱ्याचे थोडे लोखंड वाया जाणार. जमीन बिघडली तर घेणाऱ्याचे वर्षाचे अन्न जाणार. शंका जमिनीविषयी होती, तिचे उत्तर जमिनीनेच द्यावयाचे होते. तोवर टिकून राहणे हाच लक्ष्मणरावांचा विश्वास. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात त्यांना जागा दिली आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

विश्वास आणि हट्ट यांत मात्र भेद आहे. हट्टी माणूस गिऱ्हाइकाची तक्रार ऐकत नाही. विश्वास असलेला ती ऐकतो आणि आपल्या मालातील उणीव शोधतो. 'आजचे फळ थोडे आंबट आहे, चार दिवसांनी या' असे सांगणाऱ्याचे त्या दिवशीचे गिऱ्हाईक जाते खरे. पण चार दिवसांनी तो 'गोड आहे' म्हणतो, तेव्हा त्याच्या शब्दाला किंमत असते.

गिऱ्हाइकाची शंका हा विक्रेत्याचा अपमान नव्हे. कष्टाचा पैसा देणाऱ्याचा तो हक्कच आहे. त्या शंकेपुढे फोड धरण्याचे बळ ज्याच्यापाशी आहे, त्याला फार बोलावे लागत नाही.