कोयनाकाठची सोंगे

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये चार-सहा माणसे टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात आणि बोलता बोलता एक गोष्ट रचतात. त्यांतला एक जण सूत्रधार होतो. जागा कशी आहे, समोर कोण उभे आहे, अंधार किती पडला आहे, हे तो सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपले पात्र काय बोलेल, काय करील ते ठरवतात. एखादी गोष्ट जमेल की नाही असा प्रश्न पडला की फासे टाकायचे. एक बैठक तीन-चार तास चालते. अनेक बैठकांतून पुढे सरकणाऱ्या सलग कथेला खेळणारे ‘कॅम्पेन’ म्हणतात. त्यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. पुढे काय झाले याची ओढ एवढेच त्याचे बक्षीस.

हा खेळ छापील रूपात आला १९७४ मध्ये. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेतील लेक जिनिव्हा या लहान गावातून प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या हजारच प्रती होत्या. त्याआधी सैन्याच्या लढाया टेबलावर खेळल्या जात आणि एकेक खेळाडू अख्खी फौज हाकत असे. आर्नेसनने प्रत्येकाच्या हाती एकच माणूस दिला आणि त्याला नाव, स्वभाव, आठवणी दिल्या. खेळ बदलला तो तिथे. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि माणसांवरची छाप असे सहा गुण पात्राला मिळाले. मूळ पद्धतीत प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे. बेरीज ३ ते १८ मध्ये कुठेही येते, सरासरी १०.५ पडते आणि पूर्ण १८ येण्याची शक्यता २१६ मध्ये एक. म्हणजे मूळ रचनेतच बहुतेक पात्रे साधी, मध्यम वकुबाची होती.

नवा खेळाडू मात्र हमखास तलवारबहाद्दर घेऊन येतो: उंच, देखणा, कोणाला न भिणारा. दोन बैठकांत त्याचे काय करायचे हे त्यालाच कळेनासे होते, कारण त्याला काही अडत नाही. पात्राची खरी गंमत त्याच्या धंद्यात आणि त्याच्या उणिवेत असते. भलत्याच कामात सापडलेला माणूस आपल्या नेहमीच्या कामाची अक्कल लावून त्यातून वाट काढतो, ते पाहण्यात आणि करण्यात मजा आहे. अशी माणसे शोधायला परदेशी पुस्तके चाळायची गरज नाही. सातारा-सांगलीच्या मुलखात ती पिढ्यान्‌पिढ्या सोंग घेऊन उभी आहेत.

तमाशातला वग घ्या. पारंपरिक वगाचे संवाद लिहिलेले नसत. फडाचा सरदार कथानक सांगे, कोणी कोणत्या प्रवेशात यायचे ते ठरे आणि बोर्डावर उभे राहिल्यावर जो तो आपल्या हजरजबाबीपणावर प्रसंग उभा करी. सोंगाड्या तर राजालाही मध्येच अडवून असा प्रश्न विचारी की राजाने ठरवलेले उत्तर तिथेच निकामी होई. आराखडा एकाचा आणि बोलणे सगळ्यांचे, ही वगाची रीत आणि टेबलावरच्या खेळाची रीत यांत फार थोडा फरक आहे. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ ‘जहरी प्याला’ या वगातील हवालदारांच्या जोडीमुळे महाराष्ट्रभर ओळखले गेले. दोन हवालदार, दोघे सारखेच दिसणारे: टेबलावर दोन खेळाडूंनी मिळून घ्यावे असे हे तयार सोंग आहे.

त्याहून जवळचा नमुना बहुरूपी. दारोदार फिरून पोलिसाचे, साहेबाचे सोंग आणणे, समोरच्याला क्षणभर खरे वाटायला लावणे आणि शेवटी बिदागी मागणे, हा त्याचा धंदा. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक वेषांतरात पटाईत होते, अशी परंपरा सांगते. खेळात बहुरूप्याला कोणतेही सोंग साधते असे ठरवावे आणि त्यावर धंद्याचे बंधन घालावे: सूर्य मावळायच्या आत, ज्याला फसवले त्याच्यासमोर आपण कोण ते सांगून बिदागी मागितलीच पाहिजे. एवढ्या एका अटीने प्रत्येक यशाच्या पोटात पुढचे संकट तयार होते. किल्लेदाराला फसवून दरवाजा उघडणे सोपे. संध्याकाळी त्याच किल्लेदारापुढे हात पसरायला जाणे अवघड.

पिंगळा हे असेच दुसरे सोंग. पहाटेच्या अंधारात येणाऱ्या या फिरस्त्याला पिंगळ्याची, म्हणजे लहान घुबडाची, भाषा कळते असा समज आहे. त्याच्या खेळाडूला रात्रीतून एक प्रश्न विचारू द्यावा. सूत्रधाराने खरे उत्तर द्यावे, पण घुबडाला झाडावरून दिसले असेल तेवढेच. घरात काय शिजले ते घुबडाला ठाऊक नसते. परड्यातून कोण पळाले ते असते.

सगळ्यांत हसवणारी कल्पना नंदीबैलाची. एका खेळाडूने नंदीबैलवाला व्हावे आणि दुसऱ्याने चक्क नंदी. नंदीच्या खेळाडूला बैठकभर बोलायची बंदी. मान उभी हलवली तर होय, आडवी हलवली तर नाही. तपास, घासाघीस, भांडण, सारे त्या मानेवर चालते. नंदीवाला त्या मानेचा अर्थ गावाला समजावून सांगतो आणि तो अर्थ नंदीच्या मनातला असतोच असे नाही. बोलायला लाजणाऱ्या नवख्या मुलांना हे पात्र फार मानवते.

सातारा जिल्ह्यातल्या कोयनाकाठच्या पाटणमध्ये आजही पात्रांची वाण नाही. डोंगरातल्या वाडीवर मुक्कामी जाणारी एसटी आणि तिचा कंडक्टर: गाडीत कोण चढले, कोण उतरले हे त्याच्या नजरेतून सुटत नाही, पण सुट्टे पैसे मिळाल्याखेरीज त्याला पुढचे काम सुचत नाही. गुऱ्हाळावरचा गुळव्या: नाकाने काहिलीतला पाक ओळखतो, म्हणून विषही ओळखतो, आणि त्याला घाई करायला लावणे कोणाला जमलेले नाही. चाळीस गावांतली बाळंतपणे केलेली सुईण: ताकद पाच, पण तिला बंद असे दारच नाही, आणि कोण कोणाचे हे ती सांगत नाही. भूकंपमापकाच्या नोंदी ठेवणारी तरुण मुलगी: हादरा इतरांच्या आधी तिला कळतो, मात्र तिचे ऐकेल असे वरिष्ठ अजून कोणी भेटलेले नाहीत.

अशी मंडळी प्रत्यक्ष खेळात कशी उतरतात ते पाटणजवळच्या दातेगडावर पाहता येईल. या गडावर कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची खोल विहीर आहे आणि खाली उतरायला कातळातच पायऱ्या आहेत. सूत्रधार सांगतो: वैशाखातली रात्र, पाणी तळाला गेले आहे आणि शेवटच्या पायरीवर कोणाची तरी दिवटी जळते आहे. तलवारबहाद्दर असता तर खाली धावला असता. इथे आहेत कंडक्टर, सुईण, नंदीवाला आणि नंदी. कंडक्टर विचारतो, पायऱ्यांवर ओली पावले किती जणांची? फासे पडतात. सूत्रधार म्हणतो, तिघे उतरले, दोघे वर आले. सुईण खालच्या माणसाला त्याच्या आजीच्या नावाने हाक मारते. नंदी, कोणी काही विचारलेले नसताना, मान आडवी हलवतो. इथून पुढे काय होणार ते सूत्रधारालाही माहीत नसते.

पात्रे जमली की मुलूख हवा. २०२२ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या एका अधिकृत संग्रहात मिमी मंडल या लेखिकेने बंगालच्या नद्या आणि दलदलीवरून सुचलेला कथाप्रदेश रचला, आणि तो जगभर खेळला गेला. कोयनेचे खोरे त्याच तोलाचे आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते, पाटणवरून कऱ्हाडला जाते आणि तिथे कृष्णेला मिळते. हाच उलटा प्रवास कॅम्पेनचा सांगाडा होऊ शकतो. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर सुरुवात, पाटणपर्यंत बाजार आणि माणसे, हेळवाकच्या वळणानंतर घाट, जंगल आणि पाणी. जितके वर जावे तितकी वस्ती विरळ आणि संकट मोठे, ही चढण निसर्गानेच आखून ठेवली आहे. सडावाघापूरच्या पठारावर पावसाळी वारा दरीत पडणारे पाणी उलटे वर उडवतो. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. राक्षसाचे पाते म्हणून वेगळे काही कल्पायला नको.

या प्रवासाला उत्तम निमित्त म्हणजे तमाशाचा फड. सगळे खेळाडू एकाच फडातले: सरदार, सोंगाड्या, ढोलकीवाला, मावशी, सुरत्या. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा असतात, दर बैठकीला नवे गाव आणि नवी सुपारी. गावात भानगड असतेच, आणि रात्रीच्या वगात ती भानगड सगळ्या गावासमोर बोलून दाखवायची सोय फडाकडे आहे. गावकी जे चावडीवर बोलत नाही ते सोंगाड्या बोर्डावर बोलतो, आणि मग पाटलाची माणसे उठतात. खेळातल्या खेळात वग करावा लागत असल्यामुळे प्रत्येकाला सोंगावर सोंग मिळते.

जमिनीखालच्या कथेची हौस असेल तर धरण आहे. कोयनेचे १०३ मीटर उंच धरण १९६० च्या दशकात उभे राहिले. शिवसागर या त्याच्या जलाशयाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरते आणि वीज करून कोकणात जाते. पूर्ववाहिनी नदीला अशी दुसरी वाट मिळाली. जलाशय रिकामा न करता नवे बोगदे जोडायचे म्हणून १३ मार्च १९९९ आणि २५ एप्रिल २०१२ रोजी ‘लेक टॅपिंग’ करण्यात आले: खालून बोगदा खणत तळाशी न्यायचा, मध्ये खडकाचा एक पडदा ठेवायचा आणि शेवटी सुरुंगाने तो उडवायचा. या कॅम्पेनची सुरुवात खालच्या बाजूने करावी. खेळाडू पाताळातले रहिवासी आहेत, छतातून ठोके ऐकू येत आहेत, आणि वरच्या लोकांना आपण इथे आहोत हे कळवायला तीस दिवस आहेत. मात्र ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आणि पाण्याखाली गेलेली गावे यांचा उपयोग जपून करावा. ज्यांची माणसे दगावली, ज्यांची घरे गेली आणि ज्यांना परमुलखात पुनर्वसनाला जावे लागले, त्यांची कुटुंबे आजही आहेत. बुडालेल्या गावात खजिना शोधायला निघालेली टोळी ही कल्पना स्वस्त आहे. त्याच गावचा कोणी आपल्या देवळाची घंटा परत आणायला निघाला, तर ती कथा खेळण्याजोगी होते.

इतिहासातली कॅम्पेने हवी असतील तर दोन ठळक आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने वासोटा किल्ला लढवला आणि पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांना झुंजवले. गडावरची रसद, दारूगोळा, फितुरी आणि भोवतालचे रान एवढ्यावर सहा बैठका सहज होतात. दुसरे प्रतिसरकार. नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली १९४३ पासून सातारा जिल्ह्यात समांतर सरकार चालले, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भागही त्यातच होता. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली. इथे खेळाडूंनी पुढाऱ्यांच्या भूमिका घेऊ नयेत. निरोप्या, भूमिगतांना भाकरी पोचवणारी बाई, गाडीचा फायरमन, सगळे कळूनही गप्प बसणारा पोस्टमन अशी माणसे घ्यावीत. नाना पाटील कथेत आले तर दुरून यावेत.

देवादिकांबाबतही हेच धोरण बरे. समर्थ रामदासांनी स्थापलेले अकरा मारुती चाफळ, माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, शहापूर, बहे, शिराळा, मनपाडळे आणि पारगाव या गावांत आहेत, चाफळला दोन. एकेका ठिकाणी कोड्याचा एकेक तुकडा ठेवून सातारा, सांगली, कोल्हापूर फिरवणारी ही सुंदर शोधयात्रा होते. मारुतीला गुण आणि अंक देऊन पात्र करू नये. श्रद्धा असलेल्या खेळाडूचा त्याने हिरमोड होतो आणि कथेला मिळत काहीच नाही.

वीस पैलूंचा खास फासा विकत मिळतो, पण त्यावाचून अडत नाही. चिंचोके फोडून त्यांच्या पाच डाळिंब्या घ्याव्यात. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतात असे धरले, तर पाचांच्या ३२ वेगवेगळ्या मांडण्या होतात. सोप्या कामाला दोन पांढऱ्या पुरेत: ३२ पैकी २६ वेळा जमते. मध्यम कामाला तीन, म्हणजे निम्म्या वेळा. अवघड कामाला चार, ३२ पैकी सहाच वेळा. काम पात्राच्या धंद्यातले असेल तर सहावी डाळिंबी द्यावी. मग चारची शक्यता ६४ पैकी २२ होते, सुमारे एक तृतीयांश. गुळव्याला विष ओळखायला सहा, तलवार चालवायला पाच. नियम एवढेच ठेवले तरी पहिल्या दिवशी खेळ सुरू होतो. फोडलेले चिंचोके एका बाजूला जास्त कलतात का, हे आधी पन्नासेक वेळा टाकून पाहावे आणि कलत असतील तर बदलावेत.

पहिल्या बैठकीत पात्रे एकत्र बसूनच तयार करावीत. प्रत्येकाने तीन गोष्टी लिहाव्यात: धंदा, एक उणीव आणि उजव्या हाताला बसलेल्याच्या पात्राशी असलेली एक उधारी किंवा ओळख. कोणता विषय कोणाला नको आहे तेही तेव्हाच विचारून घ्यावे. सूत्रधाराने पुढच्या एकाच गावाची तयारी करावी. दहा गावांची केली तर खेळाडू अकराव्याला जातात. शेवट कुठे करायचा हेही आधी ठरलेले बरे. फडाच्या कॅम्पेनला तो आयताच मिळतो: पावसाळ्यात फड बंद होतात, सरदार हिशेब करतो, उचल फिटली की नाही ते पाहिले जाते आणि पुढच्या हंगामाला फडात कोण राहणार, कोण गावी परतणार हे प्रत्येक खेळाडू आपापल्या पात्राच्या तोंडून सांगतो.