पोटॅशच्या पोत्यामागचा परवाना

२०२२ साली पोटॅशचे ५० किलोचे पोते १,७०० रुपयांवर गेले होते, आठवते ना? फुलंब्री-कन्नडकडच्या अद्रकवाल्यांना तर चांगलेच आठवत असेल. हे खत आपल्याकडे परदेशातून बोटीने येते. अमेरिकेने ऑगस्ट २०२१ मध्ये बेलारूसच्या सरकारी पोटॅश कंपनीवर निर्बंध घातले. त्या देशाला समुद्र नाही. शेजारच्या लिथुआनियाने १ फेब्रुवारी २०२२ पासून त्याच्या पोटॅशच्या मालगाड्याच अडवल्या.

त्याच महिन्यात युक्रेनचे युद्ध पेटले. रशियावर निर्बंध आले, पण मार्चमध्ये अमेरिकेने ‘सर्वसाधारण परवाना क्रमांक ६ए’ काढून रशियाचे धान्य, खत व औषधे यांना सूट दिली. म्हणजे तेच लाल खत तेव्हा रशियाचे चालत होते, बेलारूसचे अडत होते! युरोपचा कायदा आणखी निराळा. काही रशियन खतमालकांचे गोठवलेले पैसे खतव्यवहारापुरते सोडण्याची मुभा तिथे डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली. तोवर कागदावर खत मोकळे होते, पण बँका अन् विमेवाले हात आखडून बसले होते.

आपल्या काळ्या जमिनीत मुळातच पोटॅश बहुधा बरे असते. तेव्हा पोते उचलण्याआधी मातीचा नमुना तपासून घ्या. पैठण रोडच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.