तव्यावरची तंबाखू

इस्लामपूरच्या आसपासच्या गावांत एखाद्या बाईला "काही व्यसन?" असं विचारा. ती "न्हाई" म्हणेल, आणि ती खोटं बोलत नसते. "दात कशानं घासता?" असं विचारलं की मग मिश्रीची डबी बाहेर येते. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटानं हिरड्यांवर घासायची. पहाटे एकदा, भांगलणीला निघताना एकदा, भूक लागली की पुन्हा एकदा. मिश्रीनं भूक मरते, हे तर बाया कौतुकानं सांगतात.

भाजल्यानं निकोटिन संपत नाही. तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तरातून ते रक्तात उतरतं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात. बाई गरोदर असेल तर बाळाचंही नुकसान होतं. डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: बिनधुराची तंबाखू, म्हणजे मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी.

तेवढ्यानं काय होतंय? पण आपली बाळं मुळातच हलकी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनमध्ये साडेतीन. घट होती ती मुख्यतः स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत; चरबी मात्र त्या मानानं शाबूत. अशी शरीरं पुढं मधुमेहाकडं लवकर झुकतात. याज्ञिकांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटोच छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, २२.३, पण अंगात चरबी युडकिनांच्या ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२!

मिश्रीच मधुमेहाचं मूळ, असं कुणी म्हणू नये. आईचं अर्धपोटी राहणं आणि नऊ महिने उपसलेले कष्टही त्यात आलेच. पण हाडकुळ्याला कसला आलाय मधुमेह नि रक्तदाब, ही समजूत आता सोडायला हवी. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्यावरच्या समितीच्या २०१८ च्या अहवालानुसार देशातल्या चार आदिवासी प्रौढांपैकी एकाला उच्च रक्तदाब आहे, आणि १५ ते ५४ वयाचे ७२ टक्के आदिवासी पुरुष तंबाखू वापरतात.

दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यावर कोण धाड घालणार? मिश्री सोडली की सुरुवातीला डोकं धरतं, पोट साफ होत नाही, आणि तेवढ्यावरूनच डबी पुन्हा उघडते. हा त्रास काही दिवसांत ओसरतो. आधार हवा असेल तर सरकारची मोफत फोनसेवा आहे: १८००-११-२३५६.