व्यवसाय कर आणि रोजगार हमी

देहूरोड येथील आयुधनिर्माणीत अथवा शेजारच्या पिंपरी-चिंचवड व चाकण भागातील कारखान्यांत दरमहा १०,००० रुपयांहून अधिक वेतन घेणाऱ्या नोकरदाराच्या वेतनपत्रकात 'व्यवसाय कर' या सदराखाली दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाकाठी २,५०० रुपये वजा झालेले दिसतात. (स्त्रियांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक वेतनावर माफी आहे.) घटनेच्या २७६ व्या कलमान्वये याहून अधिक व्यवसाय कर घेता येत नाही. आपला पैसा खेड्यात कशासाठी जातो, असे नोकरदार विचारतो. तर रोजगार हमीमुळे मजूर मिळत नाही, अशी शेतकऱ्याची तक्रार असते.

या कराचे मूळ दुष्काळात आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यभर हाती घेण्यात आली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. त्याच्या जोडीला मोटार वाहन कर व विक्रीकर यांवरील अधिभार आणि ओलिताच्या जमिनीवरील विशेष आकारणी हीही साधने होती. म्हणजे बागाईतदारही या भारातून सुटला नव्हता. करांचे जेवढे निव्वळ उत्पन्न होईल, तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावयाची, असे ठरले. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या व्यवस्थेचे मर्म असे की, पाऊस चुकला म्हणजे शेतीचे उत्पन्न घटते आणि नेमकी त्याच वर्षी कामाची मागणी वाढते. कारखान्यातील वेतन पावसावर तितकेसे अवलंबून नसते. स्थिर उत्पन्नावरील कराने अस्थिर गरज भागविण्याची ही एक प्रकारची विमा योजनाच होय. मात्र विम्याप्रमाणेच सुकाळातील शिल्लक राखून ठेवणे हे तिचे पथ्य आहे. १९९० नंतरच्या दशकात कामावरील मजुरांची संख्या घटली, कराचे उत्पन्न मात्र वाढत राहिले. अशी शिल्लक दुसरीकडे वळविण्याचा मोह तिजोरीला होतो, आणि तो टाळणे इष्ट.

शेतकऱ्याची तक्रार सर्वस्वी निराधार नाही. ऐन पेरणीत वा काढणीत कामे चालू ठेवल्यास मजुरांची ओढाताण होते, म्हणून ती उन्हाळ्यात काढणे श्रेयस्कर. परंतु पाझर तलावाखालील विहिरीस पाणी वाढले की त्याचा लाभ मजुरापेक्षा जमीनधारकासच अधिक होतो, हे विसरून चालणार नाही. १९९० पासून फळबाग लागवडही या योजनेस जोडण्यात आली. ती तर शेतकऱ्याच्या स्वतःच्याच शेतात झाली.

ग्रामसेवकांनी कामाची मागणी लेखी घ्यावी आणि दिनांकित पावती मजुराच्या हाती द्यावी. काम देण्याची १५ दिवसांची मुदत मागणीच्या दिनांकापासून मोजली जाते, व त्या मुदतीत काम न दिल्यास बेकारी भत्ता देणे लागतो.